आधी मापन ठरवा, मग प्रश्नावली छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या महाविद्यालयांत प्रोजेक्टचा हंगाम सुरू होतो. मानसशास्त्राचे विद्यार्थी ताण, आत्मविश्वास, मोबाइलचे व्यसन असले विषय घेतात. बीएमएस आणि एम. कॉम.चे विद्यार्थी ग्राहकांचे समाधान, कर्मचाऱ्यांची प्रेरणा, बचत गटांची परिणामकारकता यांकडे वळतात. गूगल फॉर्मच्या लिंक व्हॉट्सअॅपवर फिरतात, जानेवारीअखेर शंभरेक उत्तरे जमतात आणि फेब्रुवारीत गाइडसमोर प्रश्न येतो, 'सर, याला आता कोणती टेस्ट लावायची?' त्यातल्या एखाद्या प्रोजेक्टची पुढे बातमीही होते : जिल्ह्यातील इतके टक्के तरुण तणावाखाली. आमचे म्हणणे एवढेच की टेस्टचा प्रश्न जुलैतच सुटलेला असायला हवा. तो सुटत नाही, कारण आपण नेमके काय मोजणार हे तोवर कोणी ठरवलेलेच नसते.

'कोकणातील पर्यटन व्यवसाय : एक अभ्यास' हा संशोधनाचा विषय नव्हे, ते फार तर पुस्तकाचे नाव झाले. तोच विषय असा मांडून पाहा : मालवण तालुक्यात न्याहारी-निवास चालवणाऱ्या घरांपैकी जी ऑनलाइन बुकिंग घेतात आणि जी फक्त फोनवर घेतात, त्यांच्या मे महिन्यात भरलेल्या खोल्यांत फरक पडतो का? आता बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. अभ्यासाचे एकक माणूस नसून घर आहे. मोजायची गोष्ट 'व्यवसायाबद्दलचे मत' नसून भरलेल्या खोली-रात्री आहेत. चार खोल्यांच्या घरात मे महिन्यात ४ गुणिले ३१ म्हणजे १२४ खोली-रात्री उपलब्ध असतात. त्यांतल्या ६२ भरल्या तर भरणा ५० टक्के. ही माहिती मालकाच्या वहीत असते. त्यासाठी 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' असे पाच पर्याय लागत नाहीत.

पुढची अडचणही इथेच दिसते. ऑनलाइन गेलेली घरे बहुधा आधीपासूनच मोठी, समुद्राजवळची, तरुण मुलगा घरी असलेली असतील. मग फरक बुकिंगच्या पद्धतीने पडला की घराच्या जागेने? म्हणून खोल्यांची संख्या, किनाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची वर्षे हे रकाने पहिल्या दिवसापासून फॉर्ममध्ये हवेत. नंतर आठवून उपयोग नसतो, कारण त्या घरांकडे दुसऱ्यांदा जायला ना वेळ असतो ना तोंड.

यासाठी एक साधी सवय आम्ही सुचवतो. प्रश्नावली लिहिण्यापूर्वी अहवालात येणार आहेत ते तक्ते कोरे आखायचे : ओळींत काय, रकान्यांत काय, प्रत्येक चौकटीत सरासरी येणार, टक्के येणार की सहसंबंध (दोन मापे किती बरोबरीने वरखाली होतात ते) येणार. मग एकेका प्रश्नाला विचारायचे, तू कोणत्या तक्त्यात जाणार? ज्याचे उत्तर मिळत नाही तो प्रश्न काढून टाकायचा. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली अशा चाळणीतून सहज बावीस-पंचवीसवर येते. धर्म, वैवाहिक स्थिती, मासिक उत्पन्न हे रकाने बहुतेक प्रोजेक्टांत केवळ मागच्या बॅचच्या फॉर्ममध्ये होते म्हणून येतात आणि कुठल्याच तक्त्यात जात नाहीत.

आता मापनाकडे. सगळे घोटाळे इथेच होतात, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. रेन्सिस लिकर्टने १९३२ साली वृत्ती मोजण्याची जी रीत मांडली, तिचा गाभा असा की एकाच गोष्टीबद्दलची अनेक विधाने द्यायची आणि त्यांच्या गुणांची बेरीज करायची. एकटे विधान डळमळते, बेरीज स्थिर असते. आपल्याकडे उलटे चालते. पंचवीस विधाने पंचवीस निरनिराळ्या गोष्टींवर असतात, प्रत्येकाचा वेगळा पाय-चार्ट निघतो आणि त्यालाच 'लिकर्ट स्केल वापरले' म्हणतात. नोकरीतले समाधान मोजायचे असेल तर आधी ते कशाकशाचे बनले आहे हे ठरवा : काम, मोबदला, वरिष्ठ, सहकारी, पुढे जाण्याची संधी. प्रत्येक अंगाला निदान चार विधाने द्या. पायलटमध्ये, म्हणजे थोड्या जणांवर घेतलेल्या चाचपणीत, काही गळतात, म्हणून सुरुवातीला सहा लिहा.

विधान लिहिताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. 'माझा पगार आणि सुट्ट्या समाधानकारक आहेत' यात दोन प्रश्न आहेत. पगार बरा पण सुट्टी नाही, अशा माणसाने कुठे खूण करावी? 'मला कामाचा कंटाळा येत नाही' याला 'असहमत' म्हणताना नकाराचा नकार होतो आणि घाईत बरेच लोक उलटी खूण करतात. 'बहुधा', 'कधीकधी', 'नियमितपणे' यांचा अर्थ माणसागणिक बदलतो, त्यापेक्षा 'गेल्या सात दिवसांत किती दिवस' हे बरे. 'आमच्या कंपनीची धोरणे पारदर्शक आहेत' हे वाक्य लोटे-परशुरामच्या एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला विचारले तर तो मधल्या पर्यायावर खूण करतो. ती तटस्थता नसते. 'मला माहीत नाही' आणि 'मला सांगायचे नाही' या दोन्ही उत्तरांना त्या फॉर्मवर दुसरी जागाच नसते. 'लागू नाही' असा वेगळा रकाना ठेवला आणि तो बेरजेत धरला नाही, तर हा गोंधळ बराच कमी होतो.

तयार मापनी, म्हणजे गुण देण्याची रीत ठरलेला विधानांचा संच, वापरणे उत्तम, पण इंटरनेटवरून उतरवलेली प्रत्येक मापनी फुकट नसते. काहींचे हक्क प्रकाशकाकडे असतात, काहींना लेखकाची परवानगी पुरते, काही खुल्या असतात. हे सिनॉप्सिसच्या (संशोधनाच्या आराखड्याच्या) आधी तपासावे. गुण कसे द्यायचे तेही मूळ सूचनेतून वाचावे. शेल्डन कोहेन यांच्या दहा विधानांच्या ताण-मापनीत प्रत्येक विधानाला ० ते ४ गुण आहेत आणि ४, ५, ७, ८ ही विधाने उलटी धरायची असतात. ती उलटायला विसरले की आल्फा, म्हणजे विधाने एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, एकदम घसरतो, कधी ऋणही येतो, आणि विद्यार्थी मापनीला दोष देतात. शिवाय ही मापनी गेल्या एका महिन्याबद्दल विचारते. गौरी-गणपतीनंतरच्या आठवड्यात भरून घेतली तर त्या धावपळीचा महिना मोजला जातो, परीक्षेनंतर घेतली तर परीक्षेचा. 'ग्रामीण विद्यार्थ्यांमधील ताण' असा सरसकट निष्कर्ष त्यातून निघत नाही. तारीख अहवालात लिहावी, निदान वाचणाऱ्याला अंदाज येतो.

भाषांतराची नेहमीची रीत अशी : दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचे, तिघांनी बसून एक मसुदा ठरवायचा, आणि मूळ न पाहिलेल्या चौथ्याने तो पुन्हा इंग्रजीत न्यायचा. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली मांडलेली उलट-भाषांतराची ही पायरी सगळे करतात आणि तिथेच थांबतात. पण शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर उलट फिरवले तर हुबेहूब परत येते. वाचणाऱ्याला ते कळले की नाही, हे त्यातून समजत नाही. म्हणून आमच्या मते खरी पायरी पुढची आहे. ज्यांच्याकडून फॉर्म भरून घ्यायचे आहेत अशा सहा ते आठ जणांसमोर बसायचे, एकेक विधान वाचायला लावायचे आणि विचारायचे : तुम्हाला यातून काय समजले, तुमच्या शब्दांत सांगा. कुडाळ-सावंतवाडीकडे मालवणीत बोलणारी बाई पुस्तकी मराठी विधानाला मान डोलावते. समजावून सांगायला लावले की मग कळते, अर्धे वाक्य तिच्यापर्यंत पोचलेलेच नव्हते. हे काम दोन दुपारी होते आणि पुढचे दोन महिने वाचवते.

त्यानंतर तीसेक जणांवर पायलट. यात काय पाहायचे? किती मिनिटे लागतात. बारा मिनिटांच्या पुढे गेले की शेवटच्या पानावर सगळ्या खुणा एका रेषेत येऊ लागतात. कोणत्या विधानाला दहापैकी नऊ जणांनी एकच उत्तर दिले. ते विधान माणसामाणसांत फरक करत नाही, काढा. कोणत्या विधानाचा उरलेल्या विधानांच्या बेरजेशी सहसंबंध ०.३ पेक्षा खाली आहे. ते पुन्हा वाचा, बहुधा शब्दरचना चुकलेली असते. तीस जणांवर काढलेला आल्फा फारसा पक्का नसतो, म्हणून त्यावर मापनीचे भवितव्य ठरवू नका.

आल्फाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ली क्रॉनबॅकने १९५१ साली मांडलेला हा आकडा आमच्याकडे गेटपाससारखा वापरला जातो : ०.७ आला की आत. पण तो विधानांच्या संख्येबरोबर वाढतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध अवघा ०.२ असला तरी पाच विधानांचा आल्फा ०.५६ येतो, दहांचा ०.७१ आणि वीस विधानांचा ०.८३. म्हणजे विधाने जेमतेम जुळत असली तरी ती वाढवत नेली की पास. याहून वाईट म्हणजे वय, लिंग, शिक्षण यांच्यासकट अख्ख्या प्रश्नावलीचा एकच आल्फा काढणे. असे प्रबंध अजूनही दिसतात. आल्फा प्रत्येक मापनीचा आणि तिच्या प्रत्येक अंगाचा वेगळा काढायचा असतो. आणि तो उत्तम आला तरी मापनी जे मोजते म्हणते तेच मोजते, हे सिद्ध होत नाही. सप्रमाणता निराळी दाखवावी लागते : नोकरी-समाधानाचे गुण ज्यांचे कमी, त्यांची गैरहजेरी खरोखर जास्त आहे का, त्यांतले पुढच्या सहा महिन्यांत काम सोडून गेले का. हजेरीपट कार्यालयात असतो, पण तो मागायला फारसे कोणी जात नाही.

कच्च्या मापनाची किंमत नमुन्यात मोजावी लागते. दोन गोष्टींमधला खरा सहसंबंध ०.४ आहे असे धरू. एका मापनीची विश्वसनीयता, म्हणजे तिचे माप किती स्थिर आहे ते, ०.६ आणि दुसरीची ०.७ असेल, तर हाती लागणारा सहसंबंध ०.२६ च्या आसपास येतो. ०.४ पकडायला ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला संबंध असल्यासारखा दिसण्याची जोखीम) आणि ८० टक्के सामर्थ्य (असलेला संबंध सापडण्याची शक्यता) धरून ४७ माणसे पुरतात; ०.२६ ला ११४ लागतात. विधाने नीट लिहायला दिलेला एक आठवडा ६७ फॉर्म वाचवतो, असा हा हिशेब.

नमुन्याचा विषय निघाला की ३८४ हा आकडा येतोच. क्रेजसी आणि मॉर्गन यांचा १९७० सालचा तक्ता प्रत्येक प्रबंधात असतो : हजारांच्या समष्टीला (ज्यांच्यातून नमुना निवडायचा त्या सगळ्यांना) २७८, दहा हजारांना ३७०, दहा लाखांना ३८४. तक्ता बरोबर आहे, पण तो एका ठरावीक कामासाठी आहे. यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यावरून एक टक्केवारी, अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत, सांगायची असेल तेव्हा. ओळखीच्यांना पाठवलेल्या लिंकवर ३८४ उत्तरे आली म्हणून त्या आकड्याला अर्थ येत नाही. यादृच्छिक निवड असली तरी रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत ३८४ वाटले तर तालुक्याला ४३ पडतात आणि चूक अधिक-उणे १५ टक्क्यांवर जाते. 'गुहागरपेक्षा दापोलीत समाधान ६ टक्क्यांनी जास्त' हे वाक्य मग लिहिता येत नाही.

दोन गटांची तुलना करायची असेल तर तो तक्ता बाजूला ठेवून सामर्थ्याचा हिशेब करावा. जी-पॉवर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. जेकब कोहेन यांच्या मापाने मध्यम फरक, म्हणजे प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्या मापाच्या) निम्मा, पकडायला प्रत्येक गटात ६४ माणसे हवीत. मोठ्या फरकाला, म्हणजे ०.८ ला, २६ पुरतात. लहान फरकाला, म्हणजे ०.२ ला, ३९४ लागतात. प्रत्येकी तीस-तीस जणांचे दोन गट घेऊन 'फरक आढळला नाही' असे लिहिणाऱ्याने फरक शोधलेलाच नसतो. आणखी एक खड्डा : दहा महाविद्यालयांतून प्रत्येकी तीस विद्यार्थी घेतले म्हणजे तीनशे स्वतंत्र उत्तरे मिळाली असे होत नाही. एका वर्गातली मुले एकमेकांसारखी असतात. हे साम्य ० ते १ या मापावर अवघे ०.०५ धरले तरी अंदाजातल्या चुकीचा पसारा १ अधिक २९ गुणिले ०.०५, म्हणजे २.४५ पट वाढतो. तीनशेंचे वजन १२२ इतकेच उरते. शक्य असेल तर कमी वर्ग आणि जास्त मुले घेण्यापेक्षा जास्त वर्ग आणि थोडी मुले घ्यावीत.

हे झाले कुठेही लागू पडणारे. कोकणात त्यावर आणखी काही चढते, आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या नमुना-प्रश्नावलीत ते नसते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. विषय जूनमध्ये मिळाला म्हणून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जुलैत खलाशांचे कार्यसमाधान मोजायला गेलात तर भेटतात ते जाळी विणणारे आणि रिकामे बसलेले. अनेक खलाशी गावी गेलेले असतात. त्यांच्यात परप्रांतीय आणि नेपाळीही बरेच आहेत, म्हणजे मराठी प्रश्नावली त्यांना आधीच गाळून टाकते. 'मासिक वेतन किती?' हा प्रश्न वाट्यावर काम करणाऱ्याला लागूच पडत नाही. त्याला विचारायचे ते असे : गेल्या फेरीत बोटीला किती मिळाले, खर्च वजा जाऊन वाटे किती पडले, तुमचे किती वाटे. आंब्याच्या बाबतीत 'किती पेट्या गेल्या' एवढे विचारून भागत नाही, कारण पेटीत चार डझन बसले की सहा, हे फळाच्या आकारावर ठरते. डझन विचारा आणि त्यासोबत दर विचारा. मार्च ते मे बागायतदार तुमच्याशी दहा मिनिटे बोलणार नाही. जुलैत लावणी. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेले, तेव्हा कुटुंबाबद्दल विचाराल तर उत्तर वेगळे येईल. उरतात ऑगस्टचा काही भाग आणि ऑक्टोबर ते जानेवारी. सोळा आठवड्यांच्या प्रोजेक्टची आखणी आम्ही अशी करू : प्रश्न आणि कोरे तक्ते ३ आठवडे, मापनी आणि भाषांतर ३, पायलट आणि दुरुस्ती २, प्रत्यक्ष संकलन ४, तपासणी १, विश्लेषण आणि लेखन ३. बहुतेक ठिकाणी पहिले आठ आठवडे चार दिवसांत उरकतात.

यादीचाही विचार हवा. न्याहारी-निवासाची नोंदणीकृत यादी मिळते, पण नोंद न केलेली घरे तिच्यात नसतात. बोटींची नोंद मत्स्यव्यवसाय खात्याकडे असते, खलाशांची तशी नसते. म्हणून आधी बोटी निवडा आणि निवडलेल्या बोटीवरचे सगळे किंवा ठरावीक क्रमांकाचे खलाशी घ्या. कितीजणांना विचारले, कितींनी नकार दिला, हे रोज संध्याकाळी वहीत टिपा. व्हॉट्सअॅपवर लिंक फिरवली की एकूण किती जणांना विचारले हा छेदच हरवतो.

प्रशिक्षणाचा परिणाम मोजणारे प्रोजेक्ट आमच्या भागात वाढले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांत एक सापळा आहे. काजू कारखान्यात सोलताना जास्तीत जास्त तुकडा करणाऱ्या वीस जणी निवडल्या, त्यांना दोन दिवस शिकवले, पुढच्या आठवड्यात तुकड्याचे प्रमाण घटले. प्रशिक्षण यशस्वी? त्या आठवड्यात त्यांतल्या काहींचा माल खराब असेल, कोणाची तब्येत बरी नसेल. टोकाची मापे दुसऱ्या खेपेला आपोआप सरासरीकडे सरकतात, काही न शिकवताही. उपाय अवघड नाही. त्या वीसमधल्या दहा जणी चिठ्ठ्या टाकून निवडा, त्यांना आता शिकवा, उरलेल्या दहांना महिन्याने. दोन्ही गटांचे तुकड्याचे प्रमाण आधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे रोज वजन करून लिहा. गट लहान असला तरी एकेकीची दहा-बारा मापे असल्यामुळे चित्र बरेच स्पष्ट होते. आणि माल एकाच लॉटचा ठेवा.

एकाच माणसाने, एकाच दिवशी, एकाच फॉर्मवर 'माझे वरिष्ठ चांगले आहेत' आणि 'मी मन लावून काम करतो' या दोन्हींवर खुणा केल्या तर त्यांत सहसंबंध निघणारच. त्या दिवसाचा मूड दोन्हीकडे उतरतो. मनापासूनचे काम उत्पादनाच्या नोंदीवरून घ्या, किंवा दुसरा भाग दोन आठवड्यांनी भरून घ्या. फॉर्म सुपरवायझरकडून गोळा करवू नका. मग सगळेच समाधानी निघतात.

विश्लेषणाबद्दल थोडक्यात. वीस चाचण्या लावल्या तर काहीच खरे नसतानाही निदान एक 'सार्थक' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून मुख्य परिकल्पना (तपासून पाहायचे अंदाज) दोन किंवा तीनच ठेवा आणि त्या आकडे हाती येण्याआधी तारखेनिशी लिहून गाइडकडे द्या. ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर त्यांची फुकट नोंदही करता येते. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत सार्थक निकाल परत आला. त्यामागे अनेक चाचण्या लावून सार्थक तेवढेच सांगण्याची सवयही होती. एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत लागत नाही, जामोवी आणि जास्प ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. परिकल्पना फेटाळली गेली म्हणून व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) गुण कापणाऱ्या परीक्षकांबद्दल आम्ही इथे काही लिहीत नाही, ते वेगळे पत्र होईल.

मानसिक आरोग्याच्या चाचण्यांचे मात्र गांभीर्याने घ्यावे. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची नैराश्य-चाळणी मोफत आहे म्हणून सर्रास वापरली जाते. एकूण २७ पैकी १० किंवा अधिक गुण म्हणजे पुढे तपासणी हवी, निदान झाले असे नव्हे. ती २००१ साली प्रसिद्ध झाली तेव्हाच्या अभ्यासात या रेषेवर संवेदनशीलता (आजाऱ्यांतले किती सापडतात) आणि विशिष्टता (निरोगींतले किती बरोबर सुटतात) दोन्ही ८८ टक्के होत्या. आता हजार विद्यार्थी घ्या आणि त्यांतल्या खरोखर आजारी मुलांचे प्रमाण ५ टक्के धरा. आजारी ५०, त्यांतले ४४ चाळणीत सापडतील. निरोगी ९५०, त्यांतलेही ११४ चाळणीत अडकतील. एकूण १५८ पैकी खरे आजारी ४४. 'सोळा टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त' ही बातमी त्या ११४ निरोगी मुलांच्या जोरावर उभी राहते. शिवाय नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला 'हो' म्हणणाऱ्या मुलापर्यंत त्याच दिवशी कोण पोचणार, हे ठरले नसेल तर तो प्रश्न गूगल फॉर्मवर टाकू नये. निनावी फॉर्मवर तर पोचताच येत नाही. तिथे निदान टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फॉर्मवरच मोठ्या अक्षरात हवा. अकरावी-बारावीची मुले १८ वर्षांखालची असतात, त्यांच्यासाठी पालकांची संमती आणि मुलाचा होकार दोन्ही लागतात. फॉर्ममध्ये ई-मेल आपोआप गोळा होण्याची सोय चालू राहिली असेल तर 'तुमची माहिती गोपनीय राहील' हे वाक्य खोटे ठरते.

महाविद्यालयांनी एक करावे : प्रत्येक प्रोजेक्टची कोरी प्रश्नावली, गुणांची चावी आणि नावे काढलेली आकड्यांची फाइल ग्रंथालयात ठेवावी. पुढच्या बॅचने तीच मापनी त्याच महिन्यात, तशाच निवडीने वापरली तर तीन वर्षांत तुलना करण्याजोगे काही हाती येईल. आज दरवर्षी नवी प्रश्नावली आणि दरवर्षी नवा शंभरांचा ढीग, एवढेच होते.

आणि आपल्या दैनिकाला विनंती. सर्वेक्षणाची बातमी देताना किती जणांना विचारले, ते कसे निवडले, कोणत्या महिन्यात विचारले आणि प्रश्नाचे शब्द काय होते, हे चार तपशील मागून घ्यावेत आणि छापावेत. शंभर जणांच्या उत्तम निवडीतही ५२ टक्के म्हणजे ४२ ते ६२ असते, तेव्हा शीर्षकात 'निम्म्याहून अधिक' लिहिण्याआधी उपसंपादकांनी तेवढे पाहावे. छापण्यापूर्वी एखादी प्रश्नावली कोणाला दाखवावीशी वाटली तर आमच्याकडे पाठवा. आमच्यापैकी कोणीतरी दोन दिवसांत वाचून कळवील.

आपले,
संशोधन पद्धती शिकवणारे मानसशास्त्र व व्यवस्थापन विभागांतील काही प्राध्यापक,
रत्नागिरी-सिंधुदुर्ग